साक्षांकन नमुन्यातील एक रकाना

या पंधरवड्याच्या टपालात गोरेगाव पूर्वेहून एका मातोश्रींचे पत्र आले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे; ओळख पटेल असे काही तपशीलही मी वगळले आहेत. पत्राचा गाभा असा :

“माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर पोलिसाची वर्दी आहे. गेली तीन वर्षे तो पहाटे साडेचारला उठून आरेच्या रस्त्यावर धावतो. यंदा मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा दोन्हींत त्याला चांगले गुण मिळाले, निवड यादीत नाव आले. घरात पेढे आले. मग आठ दिवसांनी भरण्यासाठी साक्षांकन नमुना हाती पडला. त्यात विचारले आहे की, आपणांस कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर खटला भरला गेला आहे काय, न्यायालयाने दंड केला आहे काय? दोन वर्षांपूर्वी मित्राच्या हळदीहून परतताना आरे चेकनाक्याजवळच्या नाकाबंदीत त्याची दुचाकी अडवली होती. यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा मर्यादेपेक्षा जास्त निघाला. अटक झाली, गाडी अडकवून ठेवली, पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूल करून दंड भरला. प्रकरण तिथेच मिटले असे आम्ही समजलो आणि नात्यात कोणालाही सांगितले नाही. आता त्याचे बाबा म्हणतात, ‘नाही’ असे लिहून मोकळा हो, कोण खणायला बसले आहे? मुलगा ‘होय’ही लिहीत नाही आणि ‘नाही’ही लिहीत नाही. चार रात्री तो झोपलेला नाही. एका रात्रीच्या चुकीने माझ्या मुलाचे आयुष्य संपले का?”

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो. आयुष्य संपलेले नाही. पोलीस दलाचा दरवाजाही त्या एका रात्रीमुळे आपोआप बंद होतो, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय सांगत नाहीत. मात्र तो उघडाच राहील असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही, आणि पैसे घेऊन तसे देणारा भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे. आज आपल्या घराच्या हातात एकच गोष्ट आहे : त्या रकान्यात खरे लिहून निर्णयाची वाट पाहायची, की खोटे लिहून नोकरीची सगळी वर्षे धास्तीत काढायची.

हे सदर आरोग्याचे आहे आणि मी वैद्यकीय व्यवसायातला माणूस आहे. कायद्याचा अखेरचा सल्ला आपण वकिलाकडूनच घ्यावा. तरीही हे पत्र मी निवडले, कारण ज्या घरात चोवीस वर्षांचा मुलगा चार रात्री जागा आहे, तिथला प्रश्न आरोग्याचाच आहे. तो हळदीच्या मांडवात एका पेल्यापासून सुरू झाला आणि दोन वर्षांच्या मौनातून इथवर आला.

त्या रात्री शरीरात काय घडले

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. त्या मानाने आपला कायदा कडक आहे. तरुणांना हा आकडा ऐकून माहीत असतो, पण पेल्याच्या हिशेबात तो किती होतो याचा अंदाज नसतो. आपल्याकडील व्हिस्की वा रम सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्काची असते. तिच्या ३० मिलिलीटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. मध्यम बांध्याच्या पुरुषाने रिकाम्या पोटी असे दोन पेग घेतले, तरी तो मर्यादा ओलांडू शकतो.

‘मी फक्त बियर घेतली’ असे अनेक जण सांगतात, आणि बियर म्हणजे दारू नव्हे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बियरच्या ६५० मिलिलीटरच्या बाटलीत ७ ते ८ टक्के मद्यार्क असेल, तर त्या एका बाटलीतून साडेतीन ते चार लहान पेगांइतका मद्यार्क पोटात जातो. बाटली वेगळी असली, तरी यकृताला दोन्हींचा भार सारखाच.

हे यकृत आपल्या ठरलेल्या गतीनेच काम करते. रक्तातील मद्यार्काची पातळी सरासरीने ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. पिणे थांबले तेव्हा ती ९० असेल, तर ३० वर येण्यास चार तास लागतात. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. पान किंवा बडीशेप खाल्ल्याने तोंडाचा वास झाकला जाईल. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेतला मद्यार्क झाकला जात नाही.

मेंदूवरचा परिणाम तर याहून फसवा असतो. जीभ अडखळण्याच्या आणि पाऊल लटपटण्याच्या कितीतरी आधी विवेक मंदावतो. समोरच्या वाहनाचे अंतर चुकते, ब्रेकवर पाय उशिरा जातो, आणि आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो. ‘मला काहीही झालेले नाही’ असे ठासून सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. स्वतःला काय झाले आहे हे ओळखण्याची त्याची शक्तीच त्या वेळी क्षीण झालेली असते. म्हणूनच परतताना गाडी कोण चालविणार, हे पहिला घोट घेण्यापूर्वी ठरले पाहिजे; नंतर तो निर्णय घेण्याची कुवत उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मुलापेक्षा मोठ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात बियर आणि वाइन घेण्यासाठी वयाची २१ वर्षे, तर इतर कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. आपला मुलगा त्या रात्री बावीस वर्षांचा होता. हळदीच्या मांडवामागे पेले भरले जातात, तेव्हा भरणारे बहुधा वडीलधारेच असतात. तिथे त्याचे वय कोणी विचारले असेल असे वाटत नाही. परतताना किल्ली कोणाच्या खिशात आहे, हेही कोणी विचारले नसावे.

दंड भरला, म्हणजे नेमके काय झाले

आपण लिहिता, दंड भरला आणि प्रकरण मिटले असे समजलो. अनेक घरांचा घोटाळा इथेच होतो. सिग्नल मोडला किंवा शिरस्त्राण घातले नाही, तर चलन येते, पैसे भरले की विषय संपतो. अशा गुन्ह्यांत जागेवर तडजोड करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. कलम १८५ त्या यादीत नाही. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचे प्रकरण रस्त्यावर मिटविता येत नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाते. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड दोन हजारांपर्यंत होता. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

याचा अर्थ असा की, आपल्या मुलाने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला, त्या क्षणी कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी झाली. पावती लहान असेल, सुनावणी पाच मिनिटांची असेल. तरीही ‘न्यायालयाने दंड केला आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. ‘अटक झाली आहे काय’ याचेही तेच. ज्या घरांत असे प्रकरण आज चालू आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. लवकर सुटका व्हावी म्हणून न समजता कबुली देऊ नका. आधी वकिलाशी बोला. पहिलाच लहान गुन्हा असेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली ताकीद देऊन सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तो वापरायचा की नाही हे न्यायालय ठरविते, आणि वापरला तरी घडलेली घटना पुसली जात नाही. पुढे कधी विचारणा झाली, तर खरेच सांगावे लागते.

रकान्यात काय लिहावे

आता आपल्या यजमानांचा प्रश्न : कोण खणायला बसले आहे? साधे उत्तर असे की, खणण्याची फारशी गरजच राहिलेली नाही. पोलीस ठाण्यांच्या नोंदी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यात असतात, न्यायालयांचे निकाल संगणकावर शोधता येतात, आणि निवड झालेल्या उमेदवाराची चारित्र्य पडताळणी पोलीसच करतात. ज्या खात्याने ती नोंद केली, त्याच खात्याकडे मुलगा नोकरी मागतो आहे.

पण ही झाली पकडले जाण्याची भीती. त्यापलीकडे सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

२०११ मध्ये ‘पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार’ हे प्रकरण निकाली निघाले. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलपदासाठी अर्ज करणाऱ्या या तरुणाने अर्जात आपल्यावरील जुन्या मारामारीच्या प्रकरणाचा उल्लेख केला नव्हता. ते प्रकरण घडले तेव्हा तो विशीच्या आसपास होता आणि पुढे तडजोड होऊन त्याची सुटका झाली होती. पुढे साक्षांकन नमुना भरताना मात्र त्याने ती गोष्ट स्वतःहून लिहिली. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. तरुण वयात माणसाच्या हातून अविचार घडतात, त्यांना जन्मभराचा डाग लावण्याऐवजी सुधारण्याची संधी द्यावी, अशी त्या निर्णयाची भूमिका होती. न्यायमूर्तींनी तेथे व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील ज्याँ वालज्याँची आठवण काढली होती. भुकेपोटी पाव चोरणारा आणि जन्मभर चोर म्हणून हिणवला जाणारा तो माणूस.

दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘पोलीस आयुक्त विरुद्ध मेहर सिंग’ या प्रकरणात तराजूचे दुसरे पारडे पुढे आले. पोलीस दल हे शिस्तीचे दल आहे, तेथे येणाऱ्याचे चारित्र्य निर्मळ हवे. फौजदारी खटल्यातून सुटका झाली तरी उमेदवार दलास योग्य आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार दलाच्या छाननी समितीला आहे, असे न्यायालयाने मान्य केले.

या दोन दिशांचा मेळ २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने घातला. त्याचे सार असे : अटक, खटला, शिक्षा वा सुटका यांविषयी विचारलेली माहिती खरी असली पाहिजे. ती दडवली आणि गुन्हा क्षुल्लक, कोवळ्या वयातला असला, तर नियोक्ता स्वविवेकाने ती चूक पोटात घालू शकतो. माहिती खरी दिली, तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार शिल्लक राहतो आणि नेमणूक करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मात्र जे नेमकेपणाने विचारलेलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोष देता येत नाही.

ताई, यातले कडू तेही स्पष्ट सांगतो. संदीप कुमारची सुटका झाली होती. आपल्या मुलाने गुन्हा कबूल केला आहे. त्यामुळे त्याला संदीप कुमारच्या मार्गाने सरळ जाता येईल असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूस त्याचा गुन्हा एकच, कोणासही इजा न झालेला, दोन वर्षांपूर्वीचा आणि दंडावर भागलेला आहे. हे सर्व छाननी करणाऱ्यांनी तोलायचे आहे, आणि खरे लिहिले तरच त्यांना ते तोलता येईल. खोटे लिहिले, तर त्यांच्यापुढे दोन गोष्टी येतील : बावीस वर्षांच्या मुलाचा अविचार आणि चोवीस वर्षांच्या माणसाची लबाडी. पहिलीसाठी वयाचे कारण सांगता येते. दुसरीसाठी कोणते कारण सांगणार? शिवाय नेमणूक झाल्यावर दडवलेली गोष्ट उघड झाली, तर नोकरी जाऊ शकते. तेव्हा तो कदाचित संसारी असेल, घराचे हप्ते भरत असेल.

म्हणून रकाना मोकळेपणाने भरावा. तारीख, पोलीस ठाणे, कलम, खटल्याचा क्रमांक, न्यायालय, झालेला आदेश आणि दंडाची रक्कम एवढे लिहावे. आदेशाची प्रमाणित प्रत व दंडाची पावती जोडावी. प्रत नसेल तर ती न्यायालयातून मिळविण्यासाठी आजच अर्ज करावा. मित्रांनी आग्रह केला, यंत्र बिघडलेले होते, रस्ता मोकळा होता, असे काहीही लिहू नये. विचारले तर एवढेच सांगावे : चूक झाली, शिक्षा भोगली, त्यानंतर पुन्हा घडले नाही. हे अखेरचे वाक्य खरे असले, तरच सांगावे. त्याकडे मी पुढे येतो.

वर्दी हा प्रश्न का विचारते

मुलाच्या मनात असे येत असेल की, एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ का? त्याला ही दोन प्रकरणे सांगा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालविणारा तरुण होता आणि त्याच्या रक्तात मद्यार्क आढळला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. २००७ च्या जूनपासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध विशेष मोहीम हाती घेतली. आपल्या मुलाला आरेजवळ अडविणारी नाकाबंदी ही त्याच मोहिमेची पुढची कडी. दुसरे प्रकरण जानेवारी २०१० चे. नाकाबंदीच्या कामावर असलेले उपनिरीक्षक दीनानाथ शिंदे एका भरधाव मोटारीच्या धडकेत मृत्युमुखी पडले. चालविणाऱ्या व्यक्तीने मद्य घेतल्याचा आरोप होता. मद्यपी वाहनचालकांना अडविण्यासाठी रस्त्यावर उभे राहणे, हे पोलिसासाठी असे जिवावरचे काम आहे.

उद्या ते यंत्र आपल्या मुलाच्या हातात असेल. समोर त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच हळदीहून परतणारा कोणी असेल आणि ‘साहेब, एकदा सोडा’ म्हणत असेल. अशा वेळी हा माणूस कसा वागेल, हे जाणून घेण्याचा हक्क दलाला आहे. त्या यंत्रात एकदा स्वतः फुंकर मारलेला पोलीस कदाचित अधिक समजूतदार आणि तितकाच ठाम निघेल. आपला भूतकाळ मान्य केलेल्या माणसाविषयीच अशी आशा धरता येते.

दुसरे कारण प्रकृतीचे आहे. पोलिसांचे काम म्हणजे अवेळी जागरण, सणासुदीचा बंदोबस्त, दिवसचे दिवस घराबाहेर, अपघातांची आणि मृतदेहांची दृश्ये. थकलेला माणूस सुटकेचा सोपा मार्ग शोधतो आणि मद्य हा फार सोपा मार्ग आहे. गोरेगावच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या मैदानाबाहेर भरतीसाठी आलेली मुले आपण पाहिली असतील. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक : पन्नास गुणांची ती परीक्षा पायांची आणि दंडांची आहे. ताण आला की आपण काय करतो, ही परीक्षा मैदानावर होत नाही. ती पुढे रोज होते.

घराने स्वतःला विचारायचा प्रश्न

आपल्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही. त्या रात्रीनंतर मुलगा पितो का? पीत असेल तर किती, किती वेळा, कोणाबरोबर, आणि पिऊन गाडीवर बसतो का? नमुन्यात कोणता शब्द लिहावा यावर घरात आठ दिवस वाद झाला. हा प्रश्न मात्र दोन वर्षांत कोणी विचारला नसावा असे मला पत्रावरून वाटते. वाटणे चुकीचे असेल तर आनंदच आहे.

विचारण्याची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबणे जमले नाही असे कितीदा झाले, पिण्यामुळे स्वतःला वा इतरांना दुखापत झाली का, घरच्यांनी वा डॉक्टरांनी कधी काळजी व्यक्त केली का, असे ते प्रश्न आहेत. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण आले, तर पिणे घातक वळणावर आहे असे समजून तज्ज्ञांना भेटावे. मुलाने ती एकट्याने, खरेपणाने सोडवावी. घरातल्या इतर पिणाऱ्यांनीही सोडवली, तर त्याला ती शिक्षा वाटणार नाही.

गुण कमी आले, तर ती रात्र खरोखरच एक रात्र होती असे मानायला आधार मिळेल, आणि ‘त्यानंतर पुन्हा घडले नाही’ हे वाक्य तो ताठ मानेने उच्चारेल. गुण जास्त आले, तर नोकरीची चिंता क्षणभर बाजूस ठेवून उपचाराकडे वळावे. विलेपार्ल्याच्या कूपरसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे काम महाराष्ट्राला परिचित आहे. एक इशारा मात्र सर्वांसाठी : रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. पहिल्या दोनतीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

आता आपल्या यजमानांविषयी. त्यांच्यावर रागावू नका. ‘नाही’ लिही म्हणणाऱ्या बापाच्या मनात लबाडीपेक्षा भीती असते. मुलाची तीन वर्षांची धाव एका शब्दात वाया जाईल ही भीती, आणि त्यासोबत लाजही : आपल्या घरात पोलीस आले होते, हे चाळीत कळेल. दोन वर्षांपूर्वी हीच लाज घराने मौनाखाली झाकली. मुलाने त्यातून एवढेच शिकले असेल की, चूक झाली तर ती बोलायची नाही. आज तो होय किंवा नाही यांपैकी काहीच लिहू शकत नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. एका संध्याकाळी तिघांनी एकत्र बसा, दूरदर्शन संच बंद ठेवा. आधी बाबांनी बोलावे. ‘मी घाबरलो म्हणून तुला तसे सांगितले’ एवढे एक वाक्य बापाच्या तोंडून आले, तरी मुलाच्या छातीवरचे ओझे हलके होईल. मग तिघांनी मिळून रकान्याचा मजकूर एका कोऱ्या कागदावर लिहावा, वकिलास दाखवावा आणि मुलाने आपल्या हाताने नमुन्यात उतरवावा.

त्यानंतरचे दिवस कठीण असतील. निर्णय येईपर्यंत त्याची पहाटेची धाव चालू राहू द्या. निजण्याची आणि उठण्याची वेळ मोडू नये. चहाकॉफी दुपारनंतर बंद करावी, रात्री मोबाइल अंथरुणापासून दूर ठेवावा. झोप दोन आठवड्यांत परतली नाही, अन्न कमी झाले, ‘मी तुमच्यावर भार झालो’ असे बोलणे येऊ लागले, तर वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून बोलता येते. निर्णय प्रतिकूल आला, तर तो आठवडा मुलाला एकटे सोडू नका. प्रतिकूल निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग असतात. त्यांचा विचार वकिलाबरोबर शांतपणे करता येईल. आणि तेही मार्ग सरले, तरी तीन वर्षांत कमावलेली फुप्फुसे, पाय आणि शिस्त कोणी काढून घेत नाही. त्यांचा उपयोग होईल अशी कामे वर्दीबाहेरही आहेत.

निवड झाली, तर त्याच्या पहिल्या रात्रीच्या नाकाबंदीला आपण खिडकीत जागत बसाल, हे मला माहीत आहे. उत्तर काहीही येवो, मला दोन ओळींनी कळवा. आणि हे सदर वाचणाऱ्या इतर घरांना एक विनंती : येत्या लग्नसराईत आपल्या घरचे कोणी हळदीला निघाले की, पाकिटात आहेर घातला का हे विचारतो, तसे परतताना गाडी कोण चालविणार हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत किल्ली आपल्याच हातात ठेवा.